कापसाच्या दप्तरातील नकला

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात ज्यांनी गावरानी पऱ्हाटी उभी पाहिली असेल, त्यांना तिची ठेवण नव्याने सांगावी लागणार नाही: खोल कातरलेली पाने, तळाशी गर्द तांबडा डाग असलेले पिवळे फूल, आणि मान खाली घालून लोंबणारे लहानसे बोंड. याच जातकुळीच्या रुईने अमरावतीचे नाव ‘उमरा’ या रूपाने लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत नेले, आणि १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू होऊन तिकडचा कापूस अडला तेव्हा वऱ्हाडातील कापसाच्या भावाने तोवरची मर्यादा ओलांडली. व्यापारी तेव्हा धाग्याची लांबी आणि रुईचा उतारा पाहत. झाडाच्या पेशीत काय दडले आहे हे पाहण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

ते साधन आता हाती आले आहे. चिनी संशोधकांच्या पुढाकाराने २०१४ साली या गावरानी जातीच्या, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियमच्या, जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. तो सुमारे १७० कोटी अक्षरांचा आहे. पेरू देशातील गॉसिपियम रायमोंडी ही हिची दूरची भावकी. तिच्या सरकीवरील तंतू सूत काढण्याच्या योग्यतेचे नाहीत, आणि तिचा जनुकसंच सुमारे ८८ कोटी अक्षरांचा, म्हणजे जवळजवळ निम्मा. गुणसूत्रांच्या जोड्या मात्र दोघींच्याही तेरा, आणि जनुकांची संख्याही दोघींत चाळीस हजारांच्या आगेमागे. मग वऱ्हाडच्या पऱ्हाटीत हा दुपटीचा मजकूर आला कोठून?

त्याचे उत्तर रेट्रोट्रान्सपोझॉन या नावाच्या डीएनए-खंडांत आहे. एखाद्या कारकुनाने मूळ दस्तऐवज जागच्या जागी ठेवून त्याची नक्कल उतरावी आणि ती कोणाच्याही हुकमावाचून भलत्याच गावच्या दप्तरात रुजू करावी, तसे या खंडांचे वर्तन असते. पेशीची यंत्रणा प्रथम अशा खंडाची आरएनए-प्रत काढते. त्या प्रतीवरून एक विकर पुन्हा डीएनए घडविते, आणि दुसरे विकर तो नवा डीएनए गुणसूत्रात अन्यत्र बसविते. या दोन्ही विकरांची कृती त्या खंडातच लिहिलेली असते. आरएनएवरून डीएनए होऊ शकतो, हे हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली विषाणूंच्या बाबतीत स्वतंत्रपणे सिद्ध केले होते. बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक या विदुषीने मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून जनुकखंड स्थलांतर करतात हे त्याआधीच ओळखले होते. तिला नोबेल पारितोषिक मिळावयास मात्र १९८३ साल उजाडले. तिचे खंड मूळ जागेवरून उठून दुसरीकडे जात. येथे मूळही कायम राहते आणि नकलाही वाढतात.

या नकलांचे वय ठरविण्याची रीत मला विशेष विलक्षण वाटते. कापसातील या खंडांच्या दोन्ही टोकांना एकच मजकूर असतो आणि नक्कल बसतेवेळी ती दोन्ही टोके अक्षरशः सारखी असतात. पुढे काळाच्या ओघात प्रत्येक टोकात निरनिराळे फेरफार होत जातात, आणि त्यांतील तफावत मोजली की ती नक्कल केव्हा दाखल झाली याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेतील जेनिफर हॉकिन्स, जोनाथन वेंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखविले की, कापसाच्या शाखा एकमेकींपासून फुटल्यानंतर प्रत्येकीत वेगवेगळ्या खंडांची वाढ वेगवेगळ्या प्रमाणात झाली. याच गटाने पुढे २००९ साली आणखी एक गोष्ट उजेडात आणली: लहान जनुकसंचाच्या शाखेत नकला आल्याच नाहीत असे नव्हे, तर तेथे त्या रद्दबातल होऊन गळून जाण्याचा वेगही मोठा होता.

सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी गावरानीच्या गोत्रातील एक कापूस आणि रायमोंडीच्या गोत्रातील एक कापूस यांचा अमेरिका खंडात संकर झाला, आणि त्यातून पुढे ज्याला आपण अमेरिकन कापूस म्हणतो तो निपजला. आज अकोट-दर्यापूरकडे या अमेरिकन कापसाचे जे बीटी वाण दिसतात, त्यांच्याही पेशीत म्हणून निम्मी गुणसूत्रे आपल्या पऱ्हाटीच्या कुळातील आहेत, अर्थात त्यांतील नकलांसह.

या खंडांना दीर्घकाळ ‘केरकचरा’ म्हटले गेले, आणि बहुतेक नकला निरुपयोगी वा उपद्रवी असतात हेही खरेच. वनस्पती त्यांच्यावर रासायनिक खुणा करून त्यांचा बंदोबस्त करतात, तो उगाच नव्हे. पण क्वचित एखादी नक्कल जनुकाच्या शेजारी बसते आणि त्याचा कारभार पालटते. वरुड-मोर्शीच्या बागाईतदारांना सिसिलीतील रक्तवर्णी संत्रे ऐकून ठाऊक असेल. नॉर्विच येथील कॅथी मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविले की, त्या फळातील ‘रुबी’ या जनुकालगत बसलेला एक रेट्रोट्रान्सपोझॉन थंडीने जागा होतो, जनुकालाही जागे करतो, आणि गर तांबडा होतो. फळ तेच, जनुक तेच. शेजार तेवढा नवा.

म्हणूनच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे ‘एकेए-७’, ‘एकेए-८४०१’ यांसारखे गावरानी वाण, आणि २००२ नंतर बीटी संकरांच्या लाटेत शेतांतून मागे हटलेली जुनी बियाणी, यांची जपणूक केवळ अवर्षण सोसण्याच्या आणि रसशोषक किडींना दाद न देण्याच्या गुणासाठी करावयाची नाही. कोणती नक्कल कोणत्या जागी बसावी हे पुष्कळ अंशी यदृच्छेने ठरते. तेव्हा एखादे बियाणे नामशेष झाले, तर त्याच्या पेशीतील तीच मांडणी पुन्हा जुळून येण्याचा संभव जवळजवळ उरत नाही.