सेकंदाला वीसदा जागी होणारी चिप

फ्रिजवर चिकटवायचं चुंबक मी परवा लॅपटॉपच्या कीबोर्डशेजारून सावकाश सरकवत नेलं. उजव्या कोपऱ्याजवळ आलं आणि पडदा काळा झाला. चुंबक उचललं, पडदा उजळला. लॅपटॉपला वाटलं, झाकण मिटलं!

त्या कोपऱ्याखाली झाकणातलं चुंबक ओळखणारी, ज्वारीच्या दाण्याएवढी चिप असते. तिचं तत्त्व १८७९ सालचं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल शिकत होता. त्याने सोन्याच्या वर्खातून वीज सोडली, वर्ख चुंबकापुढे धरला, आणि प्रवाहाच्या आडव्या दिशेला बारीकसा व्होल्टेज उमटला. चुंबक इलेक्ट्रॉनांना एका काठाकडे रेटतं, म्हणून. चिपमध्ये सोन्याच्या जागी सिलिकॉन आलं, एवढंच.

बारीकसा म्हणजे किती? एका गॉसमागे (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) साधारण ३० मायक्रोव्होल्ट. दीड व्होल्टच्या सेलचे ५०,००० वाटे केले तर त्यातला एक. सिलिकॉनच्या तुकड्यातला मूळचा असमतोलच याच्या कैक पट मोठा असतो. म्हणून चिप प्रवाह ९० अंशांत वळवून पुन्हा मोजते. दोन मोजण्यांची सांगड घातली की असमतोल कटतो, चुंबकाचा वाटा तेवढा उरतो. मला हीच युक्ती सगळ्यात सुंदर वाटते.

पण इतकी नाजूक मोजणी फुकट होत नाही. जागी असताना अशी चिप सुमारे २ मिलिअँपिअर खाते. रिमोटमधल्या २२५ मिलिअँपिअर-तासांच्या बटण सेलवर सतत जागी ठेवली, तर पाच दिवसही निघणार नाहीत. म्हणून ती झोपते. दर ५० मिलिसेकंदांनी उठते, ५० मायक्रोसेकंदांत चुंबक पाहते, पुन्हा झोपते. त्या जागेपणात प्रकाशसुद्धा १५ किलोमीटरच जातो. आपलं पातं लवेपर्यंत तिच्या निदान दोन फेऱ्या झालेल्या असतात.

झोपेतला खर्च धरूनही सरासरी ५ मायक्रोअँपिअरवर येते. तोच सेल आता ४५,००० तास, म्हणजे पाच वर्षांवर पुरतो. अर्थात सेल आपोआप थोडा उतरतो, तो भाग वेगळा.

दिवसाला १७ लाख २८ हजार वेळा जाग, आणि जागेपण सगळं मिळून दीड मिनिटाच्या आत. पाच वर्षांत ती जेमतेम ४४ तास जागलेली असते. तेवढ्यात तिने ३१५ कोटी वेळा पाहिलेलं असतं, झाकण मिटलंय का.