मागचं दळण

गिरणीत डबा ठेवताना बाया दर विचारत नाहीत. किती वेळ लागेल, हेही नंतर. पहिला प्रश्न, "काका, माझ्या आधी काय आहे?" आणि गिरणीवाल्या काकांचं उत्तर वर्षानुवर्षं एकच, "गहूच आहे, ताई."

प्रश्न उगाच नसतो. गिरणीच्या दोन दगडांमध्ये आणि खालच्या तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतंच. गव्हामागे गहू आला तर कुणाला पत्ता लागत नाही. ज्वारीमागे आला की पोळीच्या कडा चिरतात, कारण गव्हाचा चिवटपणा ज्वारीत नाही. बाजरीमागे आला तर पोळी काळपट दिसते. आणि उडदाच्या डाळीमागे आला तर काय होतं ते त्या घरी जेवायला बसलेल्यांना विचारा. म्हणून आमच्या पुण्यातल्या या गिरणीत सकाळभर गहू, मग ज्वारी, बाजरी, नाचणी आणि डाळी अगदी शेवटी, असा क्रम आहे. मिरची-हळदीचं कांडप यंत्र पलीकडच्या खोलीत.

या क्रमावरून गिऱ्हाइकांचे स्वभावही पडलेत. गव्हाच्या बायका सगळ्यांत संशयी. ज्वारीवाल्या निवांत, कारण मागचा चमचाभर गहू आला तर भाकरी सोपीच थापली जाते. खरे सोशिक बाजरीवाले. त्यांना थांबायचंही गहू-ज्वारीमागे आणि यायचंही वरचेवर, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त, पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतं. पाच किलो दळून महिनाभर निश्चिंत, ही चैन त्यांना नाही. भोगीच्या आदल्या एक-दोन दिवसांत मात्र त्यांचं राज्य असतं, आणि तेव्हा गव्हाचा डबा घेऊन आलेलीला ते जरा बाजूलाच सरकायला लावतात.

काकांचं काम जवळून पाहावं. नरसाळ्यात धान्य ओतलं की खाली पडणाऱ्या पिठाची चिमूट ते अंगठ्यात आणि तर्जनीत चोळतात, बाजूचं चाक केसभर फिरवतात, पुन्हा चिमूट. डोळे त्या वेळी रस्त्यावर. पोळीला मऊ, लाडवाच्या बेसनाला रवाळ, थालीपिठाच्या भाजणीला किंचित जाड, चकलीच्या भाजणीला बारीक, हे सगळं त्या दोन बोटांत. (चकली तुटली की मोहन जास्त झालं असं कुणी म्हणत नाही, गिरणीनं घात केला म्हणतात.) कानही तितकेच तयार. धान्य संपत आलं की दगडांची घरघर कोरडी होते. तो फरक मला आजही नीट ओळखू येत नाही, पण काका तोंडातलं वाक्य अर्धं टाकून धावतात. रिकामे दगड एकमेकांवर घासले तर दोन्ही वाया जातात.

मग पिशवीला दोन-तीन थापट्या, अडकलेलं पीठ डब्यात पडतं. थापट्या किती जोरात बसतात याकडे डब्याच्या मालकिणीचं बारीक लक्ष असतं, मागे नंबर असलेलीचं त्याहून जास्त. एकीला आपलं पीठ मागे राहायला नको, दुसरीला ते आपल्यात यायला नको. दोघींना हवं ते एकच, तरी एकमेकींकडे बघतात कशा, ते पाहण्यासाठी मी अधूनमधून मुद्दाम दळण टाकून न जाता बाकावर बसते.

टाकून जाणारे चिठ्ठी ठेवतात. बहुतेक कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा तुकडा. "गहू ५ किलो. बारीक. ज्वारीवर टाकू नये." यातलं शेवटचं वाक्य एका चिठ्ठीत दोनदा अधोरेखित होतं. तो डबा बुधवारी संध्याकाळी आला होता. गुरुवारी आमच्याकडे वीज जाते, त्यामुळे बुधवारी झुंबड असते. माझ्या डोळ्यांदेखत तो गहू ज्वारीवर गेला. मालकीण आली, नेहमीचा प्रश्न, नेहमीचं उत्तर. तिनं माझ्याकडे पाहिलं. पुढचा नंबर माझा होता. मी समोरची देवाची तसबीर बघत राहिले.

वजनाचंही तसंच. गव्हापेक्षा पीठ कमीच भरतं. दगडाच्या उष्णतेनं ओल जाते, काही पीठ उडून कोळिष्टकांवर आणि काकांच्या पापण्यांवर बसतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी घरच्या काट्यावर पुन्हा तोलून बघणाऱ्या आहेतच. उपवासाच्या दळणाला मात्र कुणी अशी सूट देत नाही. आषाढीआधी आणि नवरात्रात वरी, राजगिरा, साबुदाणा सकाळी गिरणी पुसून पहिल्यांदा दळतात. एरवी "गहूच" ऐकून घरी जाणाऱ्या त्या दिवशी दगडापाशी उभ्या राहून पाहतात. आधी मूठभर वरी फिरवून ते पीठ वेगळं काढल्याशिवाय डबा पुढे सरकत नाही.

घरी जातं होतं तेव्हा असा प्रश्न क्वचितच पडत असेल. दगड आपला, दाणे आपले. हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळं असायचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या त्या अशाच बायकांकडून. गिरणीत हात रिकामे झाले आणि तोंडाला दुसऱ्याचा डबा मिळाला. आता घरघंटीमुळे तेही नको झालंय. आमच्या शेजारणीनं ती घेतली, आता तिच्या दारात डबे असतात. तिचा स्वयंपाकघराचा ओटा पांढरा आणि स्वभाव काकांसारखा होत चाललाय.

दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावावी लागते. दुपारी शटर अर्धं ओढून काका आणि त्यांचा मुलगा वरचा दगड उलटा घालतात आणि छिन्नी-हातोडीनं घळी पुन्हा खोल करत जातात. टिक-टिक चौकापर्यंत ऐकू येते, बाहेर करडी भुकटी उडते. दगड बसवल्यावर आधी जनावरांचा भरडा दळतात, म्हणजे सुटलेली कच निघून जाते. पण त्यावर कुणाचा फारसा विश्वास नाही. कच राहिली की ती पोळीतून थेट दाताखाली येते. म्हणून वर्षभर पहिल्या नंबरासाठी हुज्जत घालणाऱ्या त्याच बायका त्या संध्याकाळी रांगेत एकमेकींशी फार गोड बोलत असतात. "तुमचं होऊ द्या हो आधी. आम्हाला कुठे घाई आहे?"