शेवाळाचें घड्याळ

आमच्या लासलगांवच्या आसपास कांद्याच्या शेतांना लागून शेततळीं आतां जागोजाग दिसतात. उन्हाळ्यांत त्यांचें पाणी हिरवें होतें, आणि ठिबकच्या नळ्या तुंबूं लागल्या म्हणजे त्या शेवाळाला शिव्या बसतात. ज्यांनीं तळ्यांत मासे सोडलेले असतात त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते: मासे गुदमरतात ते पहांटे. दिवसा शेवाळ उन्हाच्या साह्यानें प्राणवायु बाहेर टाकतें, म्हणून दुपारीं पाण्यांत तो भरपूर असतो. रात्रीं तेंच शेवाळ इतर जीवांप्रमाणें प्राणवायु घेत राहतें, आणि सूर्योदयापूर्वीं त्याचा सांठा अगदीं खालावलेला असतो.

एवढ्यावरून शेवाळाला वेळ कळते असें म्हणणें घाईचें होईल. ऊन असलें कीं काम, नसलें कीं विसांवा. यांत सूर्याची आज्ञा पाळण्यापलीकडे कांहीं नाहीं. खरा प्रश्न निराळा आहे. सूर्यच काढून घेतला तर?

हा प्रश्न मला एकदां वर्गांत एका मुलानें विचारला होता. लाजाळूचीं पानें संध्याकाळीं मिटतात हें मीं सांगत होतों. तो म्हणाला, "गुरुजी, झाड कपाटांत ठेवलें तर त्याला संध्याकाळ कशी कळेल?" "नाहीं कळणार," असें सांगून मीं त्याला खालीं बसविलें. माझें उत्तर चुकलें होतें. द मेरां नांवाच्या फ्रेंच ज्योतिर्विदानें १७२९ सालीं नेमकें हेंच करून पाहिलें होतें. अंधारांत ठेवलेल्या लाजाळूच्या जातीच्या रोपट्याचीं पानें पूर्वीप्रमाणेंच दिवसा उघडत आणि रात्रीं मिटत राहिलीं. म्हणजे घड्याळ जीवाच्या आंत आहे. तें कशाचें घडविलेलें आहे, या प्रश्नाचें एक अगदीं स्वच्छ उत्तर पावणेतीनशें वर्षांनीं मिळालें, आणि तें शेवाळानें दिलें. त्या मुलाचें देणें आज फेडावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम एक खुलासा. निळें-हिरवें शेवाळ म्हणून ज्याला आपण ओळखतों तें शास्त्राच्या हिशेबीं शेवाळ नव्हे. तो जीवाणूंचा एक वर्ग आहे. त्याच्या पेशींत केंद्रक नसतें. पण तें पाण्यांत राहतें, उन्हावर जगतें आणि हिरवें दिसतें, म्हणून जुनें नांव चिकटून राहिलें आहे, आणि मीहि तेंच वापरणार आहें. आपल्या जिल्ह्यांत इगतपुरीकडे भाताचीं खाचरें आहेत. तशा खाचरांत नत्रासाठीं जें शेवाळ सोडतात तें हेंच.

या शेवाळापुढें एक विलक्षण अडचण असते. हवेंतील नत्रवायु पकडून त्याचें खत करणारें जें विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन, तें प्राणवायूच्या स्पर्शानें निकामी होतें. आणि ही पेशी तर दिवसभर प्राणवायूच तयार करीत असते. एकाच खोलींत बंदुकीची दारू सांठवावी आणि तेथेंच चूलहि पेटवावी, असा हा संसार! कांहीं जातींनीं नत्राच्या कामासाठीं जाड भिंतीच्या वेगळ्या पेशी केल्या. ज्यांना एकच पेशी, त्यांनीं काय करावें? त्यांनीं वेळ वांटून घेतली. दिवसा ऊन खावें, रात्रीं नत्र बांधावें. तैवानमधील भातखाचरांतून मिळालेल्या अशा एका शेवाळावर १९८६ सालीं प्रयोग प्रसिद्ध झाले. त्याला अखंड उजेडांत ठेवलें तरी नत्र बांधण्याची त्याची पाळी चोवीस तासांच्या हिशेबानेंच येत राहिली. तोंवर पुष्कळ विद्वानांची समजूत अशी होती कीं, ज्याच्या एकाहून अधिक पिढ्या एका दिवसांत उलटतात त्या जीवाला दिवसाचें घड्याळ असूंच शकत नाहीं.

१९९८ सालीं जपान व अमेरिका येथील संशोधकांनीं, त्यांत ताकाओ कोंडो, सुसान गोल्डन आणि कार्ल जॉन्सन हे होते, या घड्याळाचीं तीन जनुकें शोधून काढलीं. त्यांना काइ-ए, काइ-बी व काइ-सी अशीं नांवें दिलीं. जपानी भाषेंतील फिरणें या अर्थाच्या शब्दावरून तीं घेतलेलीं आहेत. त्याच वर्षीं याच मंडळींपैकीं कांहींनीं शेवाळांची एक झुंज लावली. ज्यांच्या घड्याळांची गति भिन्न आहे अशीं शेवाळें त्यांनीं एका भांड्यांत एकत्र वाढविलीं. वेगवेगळीं वाढवलीं तर सारीं सारखींच वाढत. एकत्र ठेवल्यावर मात्र ज्याचें घड्याळ बाहेरच्या उजेड-अंधाराशीं जुळे तेंच टिके, आणि दुसरें कांहीं आठवड्यांत जवळजवळ नामशेष होई. दिवस लांबविला तर मंद घड्याळवालें जिंके.

पण हें घड्याळ चालतें कसें? त्या काळचें सर्वमान्य उत्तर असें होतें: जनुकावरून प्रथिन तयार होतें, तें पुरेसें सांचलें कीं आपल्याच जनुकाला थांबवितें, मग प्रथिन हळूहळू झिजतें, आणि जनुक पुन्हां कामास लागतें. माशीच्या शरीरांतील अशा फेऱ्याच्या शोधाबद्दल २०१७ सालीं नोबेल पारितोषिकहि दिलें गेलें, आणि तें योग्यच होतें. निळ्या-हिरव्या शेवाळानें मात्र या उत्तराला धक्का दिला. २००५ सालीं नागोया विद्यापीठांत कोंडो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीं तीन प्रथिनें शुद्ध करून एका परीक्षानळींत घातलीं आणि इंधन म्हणून एटीपी हें द्रव्य मिसळलें. नळींत जनुक नाहीं, पेशी नाहीं, जीव नाहीं. तरीहि घड्याळ सुरू झालें आणि तीन दिवस तरी चालत राहिलें!

येथें थोडें थांबून समजून घेतलें पाहिजे. प्रथिन एकदां तयार झालें म्हणजे त्याचें रूप कायमचें ठरलें असें नाहीं. त्याच्या अंगावर ठराविक जागीं एखादा लहानसा रासायनिक गट चिकटवितां येतो आणि पुन्हां काढतां येतो. गट चिकटला कीं प्रथिनाचा आकार किंचित् बदलतो, आणि त्याचें कोणाशीं जमेल हेंहि बदलतें. अशा गटांत फॉस्फेट विशेष परिचयाचें आहे.

काइ-सी हें प्रथिन सहा-सहांच्या कड्यांत राहतें. रहाटगाडग्याचें चित्र डोळ्यांपुढें आणा. (आमच्या बाजूस मोट होती, पण कोंकणांत गेलेल्यांनीं रहाट पाहिला असेल.) गाडगीं भरतात, रिकामीं होतात, पुन्हां भरतात. काइ-सीच्या प्रत्येक रेणूवर फॉस्फेट बसण्याच्या दोन जागा अगदीं शेजारीं शेजारीं आहेत. दिवसा काइ-ए येऊन चिकटतें आणि काइ-सीला स्वतःच्या अंगावर फॉस्फेट चढविण्यास प्रवृत्त करतें. प्रथम एक जागा भरते, मग दुसरी. संध्याकाळच्या सुमारास दोन्ही भरल्या कीं कड्याचा घाट बदलतो आणि काइ-बीला तेथें बसतां येतें. हा काइ-बी मोठा धोरणी! तो बसतांना काइ-एला आपल्याजवळ अडकवून ठेवतो. चढविणाराच अडकला, तेव्हां फॉस्फेट उतरूं लागतें. जी जागा आधीं भरली तीच आधीं रिकामी होते. दोन्ही रिकाम्या झाल्या म्हणजे काइ-बी सुटतो, काइ-ए मोकळें होतें, आणि नवा दिवस सुरू होतो.

यांतील संथपणा ही मला सर्वांत नवलाची गोष्ट वाटते. काइ-सीचा एक रेणू दिवसभरांत एटीपीचे सुमारें १५ रेणू खर्च करतो. कित्येक विकरें याहून अधिक काम एका सेकंदांत उरकतात. शिवाय उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं बहुतेक रासायनिक क्रिया दुपटीच्या आसपास वेग घेतात. आमच्या निफाड तालुक्यांत थंडींत पारा पांच अंशांच्याहि खालीं जातो आणि वैशाखांत चाळिशीला भिडतो. ऋतूप्रमाणें पुढें-मागें होणारें घड्याळ काय कामाचें? परीक्षानळींतील घड्याळ २५ अंशांवर आणि ३५ अंशांवर जवळजवळ एकाच गतीनें चाललें.

आतां खऱ्या, केंद्रक असलेल्या शेवाळाकडे वळूं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका खाजणांत १९९४ सालीं ओस्ट्रिओकॉकस नांवाचें हिरवें शेवाळ सांपडलें. त्याची पेशी एका मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, किंबहुना त्याहूनहि लहान. त्याला सतत अंधारांत ठेवलें तर त्याच्या जनुकांचें काम थांबतें. तरीहि, असें २०११ सालीं एडिंबरो व केंब्रिज येथील संशोधकांनीं दाखविलें, त्याच्या एका प्रथिनावर प्राणवायूची खूण चढण्या-उतरण्याची दैनिक फेरी चालूच राहते. म्हणजे फॉस्फेटच पाहिजे असेंहि नाहीं. मात्र याच शेवाळांत फॉस्फेट चढविणारें एक विकर आहे, केसीन कायनेज नांवाचें. दुधांतील केसीनवरून त्याला तें नांव पडलें. औषध घालून त्याला मंद केलें कीं शेवाळाचा दिवस लांबतो.

हेंच विकर माणसांतहि आहे. अमेरिकेंतील एका कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या कांहीं माणसें सायंकाळीं साडेसातला झोपत आणि पहांटे साडेचारला जागीं होत. २००१ सालीं त्याचें कारण सांपडलें: त्यांच्या घड्याळाच्या एका प्रथिनावर फॉस्फेट बसण्याची एक जागा जन्मतःच बदललेली होती. आमच्या शाळेंत असा मुलगा असता तर आम्हीं त्याला आदर्श विद्यार्थी म्हणून बक्षीस दिलें असतें.