न विकलेला टेम्पो

'टेम्पो' हे मुळात एका कारखान्याच्या गाडीचे नाव होते, हे आता सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. माल वाहणारी कोणतीही लहान गाडी आपल्याकडे टेम्पोच, मग तिच्यावर नाव टाटांचे असो की महिंद्रांचे. 'दोन टेम्पो कांदा', 'टेम्पोभाडे', 'टेम्पोवाला' असे म्हणताना हा शब्द परका वाटत नाही. तो मूळचा इटालियन, अर्थ वेळ किंवा लय. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ हारबुर्ग येथील विडाल आणि पुत्र या कंपनीने तो आपल्या गाड्यांना दिला आणि तिथून तो आपल्या बाजारात, बाजारातून भाषेत आला.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहून गेली काही वर्षे मी जुन्या मालवाहू गाड्यांची आणि त्यांच्या मालकांची टिपणे ठेवत आहे. माझ्यामागे विद्यापीठ नाही, यंत्रशास्त्राची पदवीही नाही. जे कळले ते गॅरेजच्या बाकावर बसून आणि मिळेल ते वाचून. प्रश्न एकच : नवी गाडी हप्त्यावर सहज मिळत असताना वीस-पंचवीस वर्षांची गाडी माणूस का सांभाळतो? 'जुने ते सोने' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. सोने असते तर ते मोडायलाही काढले असते.

आधी थोडा इतिहास. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी बजाज समूह आणि ही जर्मन कंपनी यांच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' उभी केली. आरंभी मुंबईत गोरेगावला असलेला हा उद्योग साठच्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीला गेला. त्यांची 'हॅन्सीट' ही तीनचाकी गाडी जर्मनीत १९५६च्या सुमारास बंद झाली होती. आपल्याकडे ती पुढे कित्येक दशके धावली. पुढे निघालेल्या नाकाडामुळे लोकांनी तिला 'डुक्कर' म्हटले. पुढे मॅटाडोर आली. १९८६ साली टाटांनी ४०७ आणली. त्या दशकात टोयोटा, निसान, मित्सुबिशी आणि माझदा या चार जपानी कंपन्यांशी करार करून भारतीय उद्योग हलक्या ट्रकच्या धंद्यात उतरले होते. त्या स्पर्धेत ४०७ टिकली. २००५ साली दोन गोष्टी घडल्या : बजाज टेम्पोचे नाव बदलून 'फोर्स मोटर्स' झाले आणि टाटांची एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', रस्त्यावर आली. कंपनीच्या पाटीवरून 'टेम्पो' गेला, बोलण्यातून गेला नाही.

आता मूळ प्रश्न. त्याचे पहिले उत्तर गाडीच्या बांधणीत आहे. जुन्या टेम्पोचा पाया म्हणजे शिडीसारखा लोखंडी सांगाडा. त्यावर केबिन आणि हौदा वेगवेगळे बसवलेले असतात. हौदा सडला तर तो उतरवून नवा बांधता येतो, इंजिनाला हात लावावा लागत नाही. फाळका तुटला तर सुतार किंवा वेल्डर तो दिवसभरात करून देतो. कमानपाट्यातले एक पान मोडले तर तेवढे पान बदलते. इंजिनाची झीज झाली की लेथवर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यांत्रिक असल्याने त्याचा बिघाड अनुभवी मिस्त्री आवाजावरून आणि धुराच्या रंगावरून ओळखतो : काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑईल जळते आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६च्या गाड्यांत इंधन किती सोडायचे हे संगणक ठरवतो. धूर खूपच कमी झाला, हा मोठा लाभ आहे. पण दोष शोधायला स्कॅनर लागतो, आणि तो बहुधा मिस्त्रीकडे नसून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असतो.

दुसरे उत्तर हिशेबाचे आहे, आणि ते सोलापूरच्या धंद्याशी जोडलेले आहे. इथली वाहतूक बरीचशी जवळच्या पल्ल्याची : सुताचे गठ्ठे, यंत्रमागाचे बीम, चादरी-टॉवेलच्या गाठी अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतून पेठांत, मार्केट यार्डातून कांदा आणि भुसार. ओझे जड, फेऱ्या अनेक, पण किलोमीटर थोडे. उदाहरणापुरते धरू की नवी गाडी किलोमीटरमागे दोन रुपयांचे डिझेल वाचवते आणि टेम्पो दिवसाला तीस किलोमीटर चालतो. बचत साठ रुपये, पंचवीस दिवसांचे दीड हजार. नव्या गाडीचा हप्ता याच्या कित्येक पट. शिवाय आषाढात धंदा बसला तर जुना टेम्पो दारात मुकाट उभा राहतो. हप्ता उभा राहत नाही. एका मालकांनी मला सांगितले, "ही बंद पडली तर मला खर्च येतो, पण माझ्या दारात कोणी येत नाही." जुन्या गाडीचे आकर्षण मला या वाक्यात सर्वांत नेमके सापडले.

तिसरे उत्तर नात्याचे. खंडेनवमीला हत्यारांबरोबर टेम्पोलाही झेंडूची माळ चढते. काचेवर आईवडिलांची कृपा असते, फाळक्यावर मुलांची नावे. खिलार बैलांच्या या मुलखात ज्यांच्या आजोबांनी बेंदराला बैल सजवले, त्यांच्या हाती आज स्टिअरिंग आहे. ज्याच्या जिवावर घर उभे राहिले त्याला म्हातारपणी काढू नये, ही रीत बैलाकडून गाडीकडे आली असावी, असे माझे अनुमान आहे.

अमेरिकेत फोर्डने १९२५ साली कारखान्यातच तयार केलेला पिकअप विकायला काढला आणि पुढे तो शेतकऱ्याच्या अंगणातून शहरी घरापुढे गेला. तिथे पंचवीस वर्षे उलटलेली परदेशी गाडी आणण्यास बरीच सवलत असल्याने जपानचे चिमुकले जुने ट्रकही हौसेने आणले जातात. आपल्याकडे मात्र जुना टेम्पो हौसेची वस्तू झालाच नाही. तो अजून कामावर आहे, आणि त्याची अडचण इथेच सुरू होते.

व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांचे शुल्क वाढले. जड ट्रकचे तर १,५०० वरून १२,५०० रुपये झाले. त्याआधी, २०२१ साली, केंद्राने 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळा नियम केला : पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकी प्रवासी गाड्यांना २०,००० रुपये भरून दहा वर्षांची खास नोंदणी मिळते, मात्र त्या रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाहीत. म्हणजे संस्थानिकांची मोटार वारसा ठरू शकते. ज्या टेम्पोने गिरण्या आणि यंत्रमाग चालते ठेवले तो ठरत नाही. तो मालवाहू आहे, आणि हौदा दोनदा बदलल्याने 'मूळ रूपात'ही नाही.

धुराची बाजू मी नाकारत नाही. अरुंद पेठेत तो धूर शाळेला जाणाऱ्या मुलांच्या छातीत जातो. थोड्या किलोमीटरचा जो हिशेब जुन्या टेम्पोच्या बाजूने आहे, तोच उद्या विजेवरच्या तीनचाकीच्याही बाजूने जाईल, आणि जावा. प्रश्न उरतो तो दुरुस्तीच्या हक्काचा. बॅटरीची पेटी पेठेतल्या मिस्त्रीला उघडता येईल का, सुटे भाग त्याला मिळतील का, यावर टेम्पोमालक खरा मालक राहतो की कायमचा हप्तेकरी होतो, हे ठरेल.

दोन गोष्टी तरी आत्ता करण्याजोग्या आहेत. वस्त्रोद्योगाच्या या शहराच्या एखाद्या संग्रहालयात मागाशेजारी एक चालता टेम्पो ठेवावा, ठिगळांसकट. आणि धुराच्या रंगावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारी पिढी साठी ओलांडते आहे. तिचे ज्ञान तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. दुसरे काम मी माझ्या पेठेपुरते सुरू केले आहे. इतर गावांतल्या वाचकांनी आपापल्या गॅरेजमध्ये वही घेऊन बसावे.