‘परदेशात गाजला’ म्हणजे नेमकं काय? ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि डॉलरचा हिशेब

शेणव्यातून बोलतोय. ज्यांना आमचा भाग ऐकायला सवड मिळत नाही, त्यांच्यासाठी हा लेखी पाठ. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

विषय एका प्रश्नावरून सुचला. मुरबाडकडच्या तीन-चार पोरांनी वर्गणी काढून एक मराठी सिनेमा केलाय. जुन्या काळातली गोष्ट आहे, पण हसवणारी. आता त्यांना कोणीतरी सांगतंय, की आणखी सहा लाख घाला, अमेरिकेत लावतो, डॉलरमध्ये कमवाल. एकाच्या घरी त्यासाठी जमिनीचा तुकडा विकायची भाषा चालू आहे. त्यांनी विचारलं, हे खरं असतं का?

त्यांच्या सिनेमाच्या जातीचा आपल्याकडचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला, त्याची ही गोष्ट. नंदू माधव फाळके झालेत आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. राष्ट्रीय पुरस्कारांत हा उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि 2009 मध्ये भारतातर्फे ऑस्करला गेला. ‘श्वास’नंतर तिथं गेलेला हा दुसराच मराठी सिनेमा. सगळीकडे लागला मात्र जानेवारी 2010 च्या अखेरीस.

इथंच पहिला गोंधळ होतो. ‘ऑस्करला गेला’ हे ऐकलं की आपल्याला वाटतं, अमेरिकेत थिएटरं भरली असतील. तसं नसतं. परभाषिक चित्रपटांच्या त्या विभागात प्रत्येक देश एक सिनेमा पाठवतो. तेव्हा अट अशी होती, की तो स्वतःच्या देशात सलग सात दिवस थिएटरात चाललेला असावा. अमेरिकेत लागलेला असण्याची गरजच नाही. आणि पाठवलेला सिनेमा म्हणजे नामांकन मिळालेला सिनेमाही नव्हे. त्या वर्षी साठहून जास्त देशांचे सिनेमे होते, शेवटच्या पाचांत आपला नव्हता, बक्षीस अर्जेंटिनाने नेलं. आजवर आपल्याकडून शेवटच्या पाचांत पोचले ते ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’, एवढेच तीन.

म्हणजे मान वेगळा आणि गल्ला वेगळा. महोत्सवात टाळ्या मिळाल्या म्हणून तिकीटबारीवर रांग लागत नाही.

मग गल्ल्याचं गणित कसं? समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. समजा, अमेरिकेत वेगवेगळ्या गावांत मिळून 30 खेळ झाले, दर खेळाला 80 माणसं आली आणि तिकीट 15 डॉलर. झाले 36,000 डॉलर. डॉलर 85 रुपयांचा धरला तर 30 लाख 60 हजार. पोस्टरवर हाच आकडा छापतात, आणि तो खोटाही नसतो. पण तो गल्ला आहे, कमाई नव्हे. थिएटरवाला साधारण निम्मे घेतो, उरले 18,000. वितरकाचं कमिशन 20 टक्के धरलं तर 14,400. मग सबटायटल, सिनेमाची डिजिटल प्रत, ती प्रत थिएटरात उघडायची किल्ली, जाहिरात असे 6,000 धरा. हातात 8,400 डॉलर, म्हणजे सात लाख चौदा हजार रुपये. तेही 80 माणसं प्रत्येक खेळाला आली तर! 40 आली तर गल्ला निम्मा होतो, पण खर्चाचे 6,000 तसेच राहतात, आणि हातात उरतात फक्त 1,200 डॉलर. एक लाख दोन हजार. आता यात सहा लाख आधी भरलेले बसवून बघा.

इंग्लंडमध्ये तर सेन्सॉरचा दाखलाही पुन्हा घ्यावा लागतो, आणि त्याची फी सिनेमाच्या मिनिटांवर ठरते. लांबण लावणाऱ्या दिग्दर्शकांनी हे ऐकून ठेवावं.

विनोदाची अडचण आणखी निराळी. मारामारीला भाषा लागत नाही, रडण्यालाही फारशी लागत नाही. विनोदाला लागते, आणि ऐतिहासिक विनोदाला भाषेबरोबर तो काळही माहीत असावा लागतो. ‘फॅक्टरी’ हे नावच घ्या. सिनेमात काम करणं तेव्हा हलकं समजलं जायचं, म्हणून फाळके आपल्या लोकांना सांगत, की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत म्हणा. आपल्याला यात ‘लोक काय म्हणतील’ हे लगेच दिसतं. परक्याला फॅक्टरी म्हणजे फक्त कारखाना. उलट तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं, यावर कुठल्याही देशातला माणूस हसेल. हे डोळ्यांना दिसतं.

जगात असे सिनेमे चाललेच नाहीत असं नाही. इटलीच्या ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ने जगभर अंदाजे 23 कोटी डॉलरचा गल्ला केला. फ्रान्सचा ‘द आर्टिस्ट’ तर विषयाने आपल्या ‘फॅक्टरी’चा भाऊच, मूकपटांच्या दिवसांवरचा. दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्च आणि तेरा कोटींच्या वर गल्ला. पण त्यात संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणजे सबटायटलची भानगडच मिटली. शिवाय दोन्हींच्या मागे अमेरिकेतला तगडा वितरक होता, त्याने प्रचारावर पैसा ओतला. आपण गोष्ट बघतो आणि तो खर्च विसरतो.

मराठी सिनेमाचा परदेशातला प्रेक्षक मुख्यतः मराठीच आहे, हे कबूल करून चालावं. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून आहे, गावोगावची मंडळं त्याला जोडलेली. मराठी खेळाला माणसं जमतात ती बहुतेक याच गोतावळ्यातली, शनिवार-रविवारी, लांबून गाडी चालवत आलेली. माझ्या मते छोट्या सिनेमाने या मंडळांकडे आधी जावं. एक खेळ, एक हॉल, तिकिटांची आगाऊ नोंदणी. रक्कम लहान दिसते, पण घरून घालायला लागत नाही.

फुगवून सांगणं मात्र आपल्या सिनेमाइतकंच जुनं आहे बरं का. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. सुरतेला मात्र पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले, असं सांगतात. तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायची सवय, आणि इथं तीन आण्यांत दीड तास! फाळक्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, अवघ्या तीन आण्यांत. गर्दी झाली. फिल्म होती 3,700 फूट, म्हणजे पाऊण मैलसुद्धा नाही. पण एक फरक लक्षात घ्या. फाळक्यांनी प्रेक्षकाला तीन आण्यांचं तिकीट विकलं. इथं तर सिनेमावाल्यालाच गिऱ्हाईक केलंय.

1914 साली हेच फाळके ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ घेऊन लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी कौतुक केलं, तिथंच राहून सिनेमे काढा असा प्रस्तावही आला. ते परत आले, तोवर महायुद्ध सुरू झालं आणि इकडचं भांडवल आटलं. एवढं कौतुक पदरात असूनही पुढच्या सिनेमाला पैसे जमवताना मारामार झाली.

तेव्हा मुरबाडच्या पोरांनो, त्या माणसाला तीन गोष्टी कागदावर मागा. किती थिएटरं, कोणत्या गावांत, कोणत्या तारखांना. खर्च आधी वळता होणार की कमिशन आधी. आणि थिएटरच्या हिशेबाची मूळ प्रत तुम्हाला मिळणार का. शिवाय विचारा, की सिनेमा एवढा चालणार असेल तर हक्कांचे पैसे तोच तुम्हाला आगाऊ का देत नाही? खात्री असलेला वितरक किमान रक्कम आधी मोजतो, ती मागत नाही. उत्तर येईपर्यंत सातबाऱ्याला हात लावू नका. काय म्हणाला ते कळवा, पुढच्या भागात घेतो.