बातमीतला आकडा

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला शिंद्यांची गादी आठवते, गायकीचे घराणे आठवते. मे २०१६ मध्ये मात्र हे शहर निराळ्याच कारणाने वर्तमानपत्रांत गाजले. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत, हवेतील सूक्ष्म धुळीच्या बाबतीत, ते जगात दुसरे आले. पहिले होते इराणमधील झाबोल.

पण 'दुसरे' म्हणजे कोणात दुसरे? असले प्रश्न विचारण्याचेच काम बीबीसी रेडिओवरील 'मोअर ऑर लेस' हा कार्यक्रम २००१ पासून करीत आला आहे. आता तो पॉडकास्ट म्हणूनही ऐकता येतो. आपणही विचारून पाहू. यादीत सुमारे तीन हजार शहरे होती, म्हणजे ज्यांचे मोजमाप उपलब्ध होते तेवढीच. जेथे यंत्रच नाही ते गाव यादीत नाही, मग तेथे धूर कितीही असो! शिवाय ग्वाल्हेरचा गाजलेला आकडा, घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम, प्रत्यक्ष मोजलेला नव्हता. मोजले होते ते दहा मायक्रॉनपर्यंतचे सर्व कण. त्यांची वार्षिक सरासरी ३२९. त्यावरून अडीच मायक्रॉनपर्यंतच्या, फुप्फुसात खोल शिरणाऱ्या कणांचा अंदाज गुणोत्तराने बांधला होता.

एवढे कळले की पुष्कळजण "म्हणजे सगळे खोटेच" म्हणून मोकळे होतात. ही तर अधिकच घाई. क्रमांक डळमळीत असेल, हवा वाईट होती यात संशय नाही. सूक्ष्म कणांची आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली वार्षिक मर्यादा ४०. अंदाज दुपटीने फुगला होता असे धरले, तरी ८८ उरतात. आणि मोजलेले ३२९ तर ६० या मर्यादेच्या पाचपटींहून अधिक. तेथे अंदाजाचा प्रश्नच येत नाही.