निळ्या नक्षीची चिनी भांडी

कुंडलला पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी जाणाऱ्या भाविकांना हे गाव पूर्वी औंध संस्थानात होते, याची आठवण क्वचितच असते. त्या संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर जमवलेल्या कलावस्तूंसाठी १९३८ साली औंधला संग्रहालय उभारले आणि आपली खासगी आवड रयतेसाठी खुली केली. मुंबईत सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहांनाही हेच भाग्य लाभले. त्यांनी जमवलेली चिनी पोर्सेलीनची भांडी आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कोणालाही पाहता येतात.

लोणच्याच्या बरणीमुळे ‘चिनी माती’ हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात रुळला. परंतु निळ्या-पांढऱ्या पोर्सेलीनची जात निराळी. त्याचे माहेर चीनमधील जिंगदेझेन. तेथे केओलिन या पांढऱ्या मातीच्या कच्च्या भांड्यावर कोबाल्टने नक्षी काढीत. त्या वेळी ती करडी, काळपट दिसे. वर पारदर्शक झिलई देऊन भांडे सुमारे १,३०० अंश सेल्सिअसला भाजले, की निळाई खुलत असे. पुसून दुरुस्ती करण्यास वाव जवळजवळ नाहीच! चौदाव्या शतकात ही कला बहरली. उत्तम कोबाल्ट तेव्हा इराणकडून येई. दिल्लीत फिरोजशाह तुघलकाच्या राजवाड्याच्या परिसरात त्याच शतकातील चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत.

नवशिक्या संग्राहकाची फसगत होते ती बुडावरील सम्राटाच्या नाममुद्रेने. कांग्शी सम्राटाच्या काळात (१६६२ ते १७२२) दोनशे वर्षांपूर्वीच्या छेंगहुआ सम्राटाची मुद्रा आदरापोटीही उमटवली जाई. पुढे नफ्यासाठी नकला झाल्या त्या वेगळ्याच. म्हणून जाणकार मुद्रा शेवटी पाहतात. आधी वजन, पायाच्या कडेची उघडी माती, झिलईचा रंग आणि कुंचल्याचा ओघ तपासतात.

आजोबांच्या कपाटात असे भांडे निघाल्यास ते घासू नये, तडा गेला असल्यास घरी चिकटवू नये. ते कोणी, कोठून, केव्हा आणले हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून छायाचित्रासह लिहून ठेवावे. जुनी पावती तर भांड्याइतकीच जपावी. विकत घेताना विक्रेत्याचा परवाना पाहावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार तो आवश्यक आहे. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू याच कायद्यामुळे खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला वारसा म्हणून ती पाठवण्याचा बेतही त्यात अडकतो.